धावता घोडा तरंगतो का?

प्रश्न : माळेगावच्या यात्रेतल्या घोड्यांची जलरंगात चित्रं काढतो. उभा घोडा जमतो, पण धावता काढला की हवेत तरंगतो. काय चुकतं?
– एक वाचक, कंधार

उत्तर : तुम्ही बहुधा पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून काढत असाल. ही चूक जुनीच. फ्रेंच चित्रकार जेरिकोनं १८२१ मध्ये इंग्लंडमधल्या एप्समची घोड्यांची शर्यत रंगवली, तीही अशीच. चौखूर धावताना चारही पाय जमीन सोडतात खरे, पण ते पोटाखाली गोळा झालेले असताना. छायाचित्रकार मायब्रिजनं १८७८ मध्ये काढलेल्या धावत्या घोड्याच्या छायाचित्रांनी हे दाखवून दिलं.

मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करा आणि एक खूर टेकलेला क्षण निवडा. आधी मान-पाठीची रेघ, मग खांदा आणि पुठ्ठा (मागचा मांसल भाग); पाय शेवटी. पुढचा गुडघा पुढे वळतो, मागच्या पायाच्या सांध्याचं टोक मागे असतं. इथंच घोटाळा होतो. इंग्लंडचा चित्रकार जॉर्ज स्टब्जनं हे सांधे समजून घ्यायला घोड्यांची शवविच्छेदनं केली आणि १७६६ मध्ये ती चित्रं छापली. तुम्हाला यात्रेतला उभा घोडा पुरे.

धूळ मात्र अंगाचा रंग ओला असतानाच घाला : यलो ऑकरमध्ये (मातकट पिवळा) किंचित अल्ट्रामरीन (गडद निळा), खुरांपाशी. कोरड्या हवेत वॉश, म्हणजे रंगाचा पातळ थर, पटकन सुकतो आणि धुळीला कडा पडते. म्हणून कागद जाड, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) घ्या आणि खालचा भाग आधी पाण्यानं भिजवा. सगळे खूर रेखीव काढू नका, दोन धुळीत गेले तरी चालतात. टेकलेल्या खुराखालची सावली तेवढी गडद हवी.