७२ च्या दुष्काळाचं उत्तर आधी तयार ठेवा

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. लातूरकडच्या एका गावात ग्रामसभेपुढे तुम्ही हवामान बदलावर बोललात, वितळणारे हिमनग आणि तापलेल्या पृथ्वीची चित्रं दाखवली. लोक गप्प बसून होते. मग मागून एका आबांनी विचारलं, "७२ ला कुठं होते एवढे कारखाने अन् गाड्या? तरी पडलाच की दुष्काळ." सगळे हसले आणि सभा उठली. पुढच्या महिन्यात पुन्हा बोलायचंय, तर विषय गळी कसा उतरवायचा?

मराठवाड्यात पाणलोटाच्या कामात बरीच वर्षं गेली, त्यावरून सांगतो. आबांनी विचारलं ते बरोबर आहे, आणि पुढच्या सभेची सुरुवात त्यांचं नाव घेऊन "आबा बरोबर बोलले" अशीच करा. मराठवाडा पर्जन्यछायेत आहे, दुष्काळ इथे नवा नाही. १९७२ ला ज्यांनी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली, सुकडी आणि मिलो खाल्ली, त्यांना "दुष्काळ हवामान बदलामुळे पडतो" असं सांगायला गेलं की त्यांच्या आयुष्यालाच खोटं पाडल्यासारखं होतं. तुमचं त्यापुढचं एकही वाक्य मग ते ऐकत नाहीत.

गावात विश्वास मिळतो तो वाटे वेगळे करून दाखवणाऱ्याला. कुठल्याही संकटात हवामानाचा वाटा किती, निसर्गाच्या नेहमीच्या चढउताराचा किती आणि आपल्या करणीचा किती, हे शेतकऱ्याला ढोबळमानाने कळत असतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, ते आठवा. "बघा, हवामान बदल!" असं सांगणारे वक्ते तेव्हा पुष्कळ आले. लातूरकरांना मात्र ठाऊक होतं की २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षं पावसाने दगा दिला, २०१५ ला एल निनो (प्रशांत महासागर तापला की आपला पाऊस बिघडवणारा नैसर्गिक फेरा) जोरात होता, मांजरा धरण कोरडं पडलं. आणि त्याच खोऱ्यात ऊस उभा होता, साखर कारखाने होते, बोअर दरवर्षी आणखी खोल जात होते. हे सगळं हवामानाच्या खात्यावर टाकलं की ऐकणारा मनात म्हणतो, बरं झालं, उसाचं नाव निघालं नाही. (शहरांत हेच उलट्या बाजूने चालतं. नाला बुजवून प्लॉट पाडायचे आणि पाणी घरात शिरलं की "ढगफुटी झाली" म्हणायचं. हवामान खात्याच्या लेखी ढगफुटी म्हणजे तासाभरात १०० मिलिमीटर. बहुतेक वेळा तेवढा पाऊस झालेलाच नसतो.)

म्हणून उसाचं आणि बोअरचं तुम्ही स्वतः बोला, कुणी विचारायच्या आत. मग "आता यात हवामानाचा वाटा कोणता ते बघू" म्हणालात तर माणसं पुढे सरकून बसतात.

तो वाटा आहे पावसाच्या पडण्याच्या तऱ्हेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात, आणि त्यात आपल्या राज्याचाही भाग येतो, मोठ्या टापूवर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. हंगामाचा एकूण पाऊस मात्र त्या प्रमाणात वाढलेला नाही. म्हणजे पाऊस थोड्या दिवसांत उरकतो आणि मधे खंड पडतात. हवा एक अंशाने तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरते, आणि अरबी समुद्र तापतोय. दुसरी गोष्ट परतीच्या पावसाची. हवामान खात्याने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या सरासरी तारखा बदलल्या. मुंबईतून पाऊस परतण्याची तारीख २९ सप्टेंबर होती ती ८ ऑक्टोबर झाली. जुन्या तारखा विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांच्या नोंदींवर काढलेल्या होत्या. सोयाबीन काढणीला येतं तेव्हाचे हे नऊ दिवस आहेत, एवढं म्हणून थांबा. पुढचं लोक बोलतील.

आणि ते खरंच बोलावेत म्हणून चित्रफिती घरी ठेवा. मी करायचो ते असं : भिंतीवर मोठा कोरा कागद, वर आडवी नक्षत्रं, रोहिणीपासून स्वातीपर्यंत, आणि खाली एकेक वर्ष. पेरणी कुठल्या नक्षत्रात झाली तिथे हिरवी खूण, पावसाचा खंड पडला तिथे लाल रेघ, काढणीत भिजलं तिथे निळी. पेन गावकऱ्यांच्या हातात द्यायचा. पहिली दहा मिनिटं कुणी उठत नाही, मग एक जण उठतो, आणि दुसरा बसल्या जागेवरून ओरडतो, "अरे ते आर्द्रात नाही, पुनर्वसूत!" २०१९ वर आले की सगळेच एकदम बोलू लागतात, कारण त्या ऑक्टोबरात कित्येकांच्या बनिमीतच, म्हणजे कापून रचलेल्या ढिगातच, सोयाबीनला कोंब फुटले. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट नक्षत्रांच्या रांगेत बसतच नाही, ती कागदाच्या बाहेर लिहावी लागते. बायकांना वेगळं विचारा. खुरपणीला पूर्वी किती वाजेपर्यंत थांबता यायचं आणि आता उन्हाने किती वाजता घरी यावं लागतं, हे त्या नेमकं सांगतात, पण पुरुषांच्या गर्दीत उठून बोलत नाहीत.

२०२३ चा ऑगस्ट अवश्य घ्या. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला तो सर्वांत कोरडा ऑगस्ट. पीकविम्याच्या २५ टक्के अग्रिमासाठी, म्हणजे आगाऊ भरपाईसाठी, तेव्हा २१ दिवसांचा खंड मोजला गेला, त्यामुळे आपल्या महसूल मंडळात किती दिवस थेंब नव्हता हे गावात पोराटोरांनाही तोंडपाठ आहे, आणि पर्जन्यमापक कुठे बसवलाय यावरून भांडणंही झालेली आहेत. पण तिथेही वाटे सोडू नका. ते वर्ष एल निनोचं होतं, एका ऑगस्टवरून काही सिद्ध होत नाही. कागदावरच्या लाल रेघा वर्षानुवर्षं कशा पडत गेल्यात ते दाखवा. आणि एक सांभाळा : गावाच्या कागदावर तसं काही दिसलंच नाही, तर ओढूनताणून दाखवू नका.

शास्त्र सांगायचं तर हरभऱ्यापासून सांगा. आभाळ निरभ्र असलं की रात्री गारठा पडतो, ढग आले की थंडी मोडते आणि हरभऱ्यावर अळी येईल म्हणून धास्ती वाटते. दिवसा तापलेली जमीन रात्री उष्णता वर सोडते, ढग आणि बाष्प ती अडवतात. कार्बन डायऑक्साइडही उष्णता अडवतो. तो डोळ्याला दिसत नाही, आणि ढगासारखा चार दिवसांत सरकत नाही, त्याचा मोठा हिस्सा शेकडो वर्षं हवेत राहतो. कारखानदारी सुरू व्हायच्या आधी हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे २८० भाग होता, आता ४२० च्या वर गेलाय. एवढं पुरे. ओझोनला भोक पडलं म्हणून ऊन वाढलं, असं कुणीतरी हमखास म्हणेल. ते प्रकरण वेगळं आहे, दोन वाक्यांत बाजूला ठेवा, वाद घालू नका.

"हवामान खात्याला उद्याचं सांगता येत नाही, ते २०५० चं काय सांगणार?" हाही प्रश्न येणार. वैशाखात नेमक्या कुठल्या दिवशी पारा चढेल ते आज कुणी सांगू शकत नाही, पण वैशाख पौषापेक्षा तापणार हे सगळेच छातीठोकपणे सांगतात. उद्याचा अंदाज पहिल्या जातीचा, पन्नास वर्षांचा कल दुसऱ्या जातीचा.

"तुम्ही झाडं तोडली म्हणून हे झालं" हे वाक्य तोंडातून काढू नका. भारताचं माणशी उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे, आणि कोरडवाहू शेतकऱ्याचं तर त्याहून कितीतरी खाली. ज्याने केलं नाही त्याला भोगावं लागतंय हे स्पष्ट सांगा. ते राजकारण नाही, हिशोब आहे. भीतीही घालू नका. कर्जाने आधीच वाकलेल्या माणसाला "पुढे याहून वाईट आहे" हे ऐकवून काय मिळणार? वृक्षारोपणाचा फोटो काढून सभा संपवायची पद्धतही एकदाची बंद व्हायला हवी, असं माझं मत आहे.

त्याऐवजी येत्या खरिपात करता येईल असं एकच काम घ्या. माझी पसंती रुंद सरी-वरंब्याला, म्हणजे रुंद उंचवट्यावर पेरणी आणि बाजूला सऱ्या. खंड पडला तर वरंब्यात ओल टिकते, कोसळला तर जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं. म्हणजे वर सांगितलेल्या दोन्ही तऱ्हांवर एकच उपाय, त्यामुळे वेगळं भाषण लागत नाही. सोबत कृषी विभागाचा नेहमीचा सल्ला जोडा : ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरायचं नाही, आणि घरचं बियाणं आधी तपासायचं. ओल्या गोणपाटावर १०० दाणे मांडून गुंडाळी करून ठेवायची, सत्तर उगवले तर बियाणं चालतं. हे सभेतच करून दाखवा आणि गोणपाट तिथल्याच कुणाच्या तरी घरी ठेवून या, म्हणजे आठवड्याने तुमच्याशिवायही त्यावर बोलणं होतं.

हे सांगायला मात्र तुम्ही उभ्या राहू नका. २०२३ च्या खंडात ज्याचं सोयाबीन वरंब्यावर तगलं असा माणूस शेजारच्या गावात असेल तर त्याला आणा, आणि त्याला खर्चही सांगायला लावा, नफाच नाही. कृषी सहायक सोबत असले तर उत्तम, पण माईक त्यांच्याकडे नको, नाहीतर सभा योजनांच्या अर्जांवर जाते. मंडळाच्या पावसाचे जुने आकडे त्यांच्याकडून आत्ताच मागून ठेवा. पेरणी तोंडावर आली की ते बांधावर असतात आणि फोन लागत नाही.