‘मॉम्स फॉर लिबर्टी’बद्दल, फ्लोरिडाला निघालेल्या एका आईला

ताई, तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ असा, की तुम्हाला टॅम्पाजवळच्या कार्यालयात बदली मिळते आहे, मुलगा सोलापुरात तिसरीत आहे, आणि तिकडच्या एका सहकाऱ्याने तुम्हाला सांगितले की फ्लोरिडात ‘मॉम्स फॉर लिबर्टी’ नावाची आयांची संघटना शाळांतून पुस्तके काढायला लावते. ती एवढी वादग्रस्त का, आणि मुलाच्या शाळेसाठी तिची धास्ती घ्यावी का, हे तुम्ही विचारले आहे. व्हिसा, विमा, घरभाडे यांवर मी लिहीत नाही. ते सरकारी संकेतस्थळांवर माझ्यापेक्षा नीट सापडेल. मी फ्लोरिडातच राहतो, सध्या सुट्टीत जुळे सोलापुरात आईकडे आलो आहे. तुमचा प्रश्न वाचल्यापासून तो डोक्यातून जात नाही, कारण या संघटनेबद्दल माझे स्वतःचे मत अजून एका जागी बसलेले नाही.

ही संघटना जानेवारी २०२१ मध्ये फ्लोरिडातच सुरू झाली. टीना डेस्कोविच, टिफनी जस्टिस आणि ब्रिजेट झिगलर या तिच्या संस्थापक, आणि तिघींनीही आपापल्या जिल्ह्याच्या स्कूल बोर्डावर, म्हणजे शाळांचा कारभार पाहणाऱ्या मंडळावर, काम केलेले. पहिला राग कोविडच्या काळात मुलांना लावलेल्या मास्कसक्तीचा होता. तो ओसरल्यावर अभ्यासक्रम, वंशभेदाचा इतिहास, लैंगिकता आणि ग्रंथालयातील पुस्तके हे विषय आले. अवघ्या दोन वर्षांत संघटना स्वतःचे सभासद लाखाच्या वर सांगू लागली. हे एवढ्या वेगाने कसे घडले, ते आपल्याकडून गेलेल्या माणसाला चटकन उमजत नाही. आपल्याकडे बालभारतीचे पुस्तक राज्यभर एकच असते आणि सोलापूरचा पालक ते बदलण्याचा विचारही करत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत असे शिक्षण हक्क कायदा सांगतो, पण ती समिती पोषण आहार आणि स्वच्छतागृहे यांपलीकडे कितीदा जाते, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिथे मात्र जिल्ह्याचे निवडून आलेले स्कूल बोर्ड पुस्तकांपासून बसच्या वेळांपर्यंत सगळे ठरवते, त्याच्या निवडणुकीत मतदान थोडे होते, आणि चाळीस-पन्नास संतापलेल्या आया सभेला नियमाने येऊ लागल्या की बोर्डाचे धाबे दणाणते.

आता बदनामीचे. पालकांचा हक्क ही त्यांची मागणी ऐकायला इतकी सरळ आहे, की सोलापूरच्या नव्या पेठेत टेबल मांडून सह्या घेतल्या तर संध्याकाळपर्यंत वही भरेल. वाद मागणीतून कमी आणि तिच्या वापरातून जास्त उभा राहिला. टेनेसीतील विल्यमसन काउंटीच्या शाखेने २०२१ मध्ये दुसरीच्या अभ्यासक्रमातील पुस्तकांवर तक्रार केली, आणि त्यांत मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावरचे आणि रुबी ब्रिजेसवरचे पुस्तक होते. रुबी ब्रिजेस म्हणजे १९६० मध्ये न्यू ऑर्लिन्समधील गोऱ्यांच्या शाळेत मार्शलांच्या पहाऱ्यात गेलेली सहा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी. चवदार तळ्याचा धडा वाचून मुलांना अपराधी वाटते, म्हणून तो नको, असे उद्या कोणी सोलापुरात म्हणाले तर काय होईल, एवढी कल्पना केली की तिथल्या कृष्णवर्णीय पालकांचा संताप समजतो. त्याच वर्षी न्यू हॅम्पशायरच्या शाखेने, वंशभेदाबद्दल काय शिकवायचे यावर बंधने घालणाऱ्या नव्या कायद्याचा भंग करणाऱ्या शिक्षकाला पहिल्यांदा पकडून देणाऱ्यास ५०० डॉलर देऊ केले. मग जून २०२३ मध्ये इंडियानातील एका शाखेने आपल्या वार्तापत्राच्या पहिल्या पानावर चक्क हिटलरचे वाक्य छापले. ओरड झाल्यावर त्यांनी माफी मागितली. पण अशी गोष्ट एकदा घडली की पुढची दहा वर्षे पुसली जात नाही.

त्याच महिन्यात सदर्न पॉवर्टी लॉ सेंटर या नागरी हक्कांच्या जुन्या संस्थेने तिला सरकारविरोधी अतिरेकी गटांच्या यादीत टाकले. यावर संघटनेचे म्हणणे असे, की ती संस्थाच डावीकडे झुकलेली आहे आणि चिडलेल्या आयांना अतिरेकी ठरवणे हा कांगावा आहे. या म्हणण्यात काहीच तथ्य नाही असे मला म्हणवत नाही. पण त्यानंतर काही आठवड्यांतच फिलाडेल्फियात भरलेल्या या आयांच्या मेळाव्यात डोनाल्ड ट्रम्प, फ्लोरिडाचे राज्यपाल रॉन डिसँटिस आणि निक्की हॅले हे रिपब्लिकन पक्षाचे नेते एकामागून एक भाषणे करून गेले. फ्लोरिडात स्कूल बोर्डाची निवडणूक कागदोपत्री पक्षविरहित असते. आम्ही केवळ आया आहोत, असे म्हणत त्या निवडणुकीत उमेदवारांना पाठिंबा द्यायचा आणि व्यासपीठावर एकाच पक्षाचे नेते बसवायचे, हे लोकांना खटकणारच.

पुस्तकांचे मी घरात पाहिले, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. फ्लोरिडाच्या २०२३ च्या कायद्याने असे ठरवले, की एखाद्या पुस्तकात लैंगिक वर्णन आहे अशी हरकत आली तर पाच शालेय दिवसांत ते बाजूला काढायचे आणि निकाल लागेपर्यंत परत ठेवायचे नाही. हरकत एकाची, पुस्तक सगळ्यांचे बंद. २०२३-२४ या शालेय वर्षात पेन अमेरिका या लेखकांच्या संस्थेने देशभरात पुस्तके काढल्याची दहा हजारांहून अधिक प्रकरणे मोजली आणि त्यांतली साडेचार हजारांवर एकट्या फ्लोरिडातली होती. तात्पुरती काढलेली पुस्तकेही त्या मोजणीत धरली जातात, हा पेनच्या टीकाकारांचा आक्षेपही लक्षात ठेवावा. माझ्या मुलीच्या वर्गात शिक्षिकेने मागचे पूर्ण कपाट खाकी कागदाने झाकून टाकले होते, कारण कोणते पुस्तक चालेल हे ठरवून घ्यायला तिला वेळ नव्हता आणि नोकरी धोक्यात घालायची इच्छा नव्हती. मुलीला त्यातले घोड्यांवरचे पुस्तक हवे होते. घोड्यांवरच्या पुस्तकावर कोणाचीच हरकत नव्हती, तरी तेही कागदाआडच राहिले. पुढे २०२४ मध्ये राज्यालाच हा गोंधळ आवरावा लागला आणि ज्यांची मुले त्या जिल्ह्यातील शाळांत नाहीत अशांना महिन्याला एकाच हरकतीची मर्यादा घालावी लागली.

त्याच सुमारास नावाचा फॉर्म आला. आपल्या पासपोर्टमध्ये वडिलांचे नाव मुलाच्या नावाला चिकटवलेले असते, त्यामुळे हजेरीत माझी मुलगी ‘मृण्मयी राजेंद्र’ झाली, आणि शिक्षिका तिला ‘मृणू’ म्हणे. २०२३ पासून राज्याच्या शिक्षण मंडळाचा नियम असा, की कागदोपत्री नावापेक्षा वेगळ्या नावाने मुलाला हाक मारायची तर पालकाची लेखी संमती हवी. नियमाचा रोख तृतीयपंथी मुलांवर होता, हे सगळ्यांना माहीत होते. संघटनेने तो केला नसला, तरी पालकाला कळवल्याशिवाय शाळेत काही होऊ नये हा आग्रह तिचाच. आम्ही ‘मृणू’साठी सही करून फॉर्म भरला. वडिलांचे नाव हजेरीतून काढण्यासाठी मात्र न्यायालयाचा आदेश आणा, असे शाळेच्या कार्यालयाने सांगितले.

माझ्या मनात खरी सल आहे ती त्याआधीची. प्रवेशाच्या वेळी घरी इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलली जाते का, असा प्रश्न असतो. आमच्या घरात मराठी, आजोळी कन्नड आणि सोलापुरात शेजारी तेलुगू. मी प्रामाणिकपणे ‘हो’ लिहिले. त्यावर मुलीची इंग्रजीची परीक्षा घेतली गेली, अनोळखी बाईंसमोर ती तोंडच उघडेना, आणि पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलीला विज्ञानाच्या तासाला उठवून इंग्रजीच्या जादा वर्गात बसवू लागले. मी पत्रे लिहिली, भेटी घेतल्या. पालकांच्या हक्कांचा एवढा गजर चाललेल्या राज्यात माझ्या हरकतीसाठी कोणत्याही फॉर्मवर रकाना नव्हता. संघटनेच्या भाषणांतले ‘पालक’ कोण, याचा मी विचार करू लागलो तो तेव्हापासून.

आणि तरीही ताई, चौथीतल्या मुलाला शाळेने लैंगिकतेबद्दल काय सांगावे ते आधी आईवडिलांना विचारावे, असे मला आजही वाटते. मार्च २०२२ मध्ये राज्यपालांनी तिसरीपर्यंतच्या वर्गांत त्या विषयांवर बंदी आणणाऱ्या कायद्यावर सही केली, तेव्हा आमच्या मराठी पालकांच्या गटात अनेकांनी हात जोडलेली चित्रे पाठवली होती आणि मी गप्प होतो, पण नाराज नव्हतो. एकटेपणाबद्दलही तुम्ही विचारले आहे. तो असतो, शनिवारी दुपारी जरा जास्त असतो, आणि माणूस त्याला सरावतो. एवढेच सांगतो की आम्ही नवे होतो तेव्हा पहिल्यांदा जेवायला बोलावणारी शेजारीण याच संघटनेची कार्यकर्ती होती. तिने दवाखान्यापासून शाळेच्या बसपर्यंत सगळे समजावले, तुमच्यासारखी कुटुंबे आम्हाला हवीच आहेत असे म्हणाली, आणि मला ते आवडले. त्याच जेवणात तिने ज्या पुस्तकांवर हरकत घेतल्याचे अभिमानाने सांगितले, त्यांतली बरीचशी सावळ्या मुलांच्या गोष्टींची होती.

धास्ती घ्यावी असे मी म्हणणार नाही. २०२३ च्या नोव्हेंबरपासून त्यांचे उमेदवार अनेक ठिकाणी पडू लागले आहेत, आणि स्कूल बोर्डाच्या निवडणुका पक्षीय करण्याचा प्रस्ताव २०२४ मध्ये फ्लोरिडाच्या मतदारांनी मंजूर होऊ दिला नाही. त्याला लागणारी ६० टक्के मते मिळाली नाहीत. घर ठरवण्याआधी त्या जिल्ह्याच्या बोर्डाच्या सभांची चित्रफीत पाहा. शाळांच्या गुणांच्या तक्त्यात जे सापडत नाही ते तिथे ऐकू येते. एखाद्या धड्यातून धार्मिक कारणाने आपल्या मुलापुरती सूट मागण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये रुंद केला आहे, आणि दुसऱ्याच्या मुलाचे पुस्तक न काढता आपल्या मुलाचे पाहण्याचा तो मार्ग मला अधिक बरा वाटतो.

सभेत बोलायला नागरिक असावे लागत नाही, नाव नोंदवावे लागते; आमच्याकडे तीन मिनिटे मिळतात. फ्लोरिडातल्याच ब्रेव्हार्ड जिल्ह्याच्या बोर्डाने या आयांना बोलताना अडवले, तो खटला त्यांनी २०२४ मध्ये अपील न्यायालयात जिंकला, आणि त्याचा लाभ उद्या तुम्हा-आम्हालाही होऊ शकतो. मी मात्र अजून नाव नोंदवलेले नाही. ग्रीन कार्डाची भीती हे एक कारण झाले. दुसरे हे, की माईकसमोर उभा राहिलो तर कोणत्या बाजूच्या खुर्च्यांकडे तोंड करून बोलायचे, हे मला ठरवता आलेले नाही.