शास्त्र एक सांगतं आणि मन दुसरं, तर हिंदू धर्मात कुणाचं ऐकायचं?

मनुस्मृतीतच ‘आत्मतुष्टी’ला, म्हणजे स्वतःच्या मनाच्या समाधानाला, धर्माचं प्रमाण मानलंय, म्हणजे शेवटचा शब्द मनाचाच ना, असं तुम्ही विचारलंय. नाही. व्याख्यानांतून हे इतकं ठोकून सांगितलं जातं की उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातला सहावा श्लोक (२.६) घ्या आणि त्यातला क्रम बघा: वेद, वेदज्ञांची स्मृती आणि शील, सज्जनांचा आचार, आणि अगदी शेवटी आत्मतुष्टी. याज्ञवल्क्यस्मृतीत (१.७) मध्येही ती श्रुती, स्मृती, सदाचारानंतरच येते. आता त्या स्मृतीवरची विज्ञानेश्वराची टीका, मिताक्षरा, उघडा. तो उदाहरण देतो मुंजीचं. गर्भापासून आठवं वर्ष धरायचं की जन्मापासून? शास्त्राला दोन्ही मान्य, म्हणून तिथे आपल्या इच्छेने ठरवा. मनाला अधिकार मिळाला तो एवढाच. मुंज मुळात करावी का, मुलीची का नाही, हे त्या मनाला कुणी विचारलेलंच नाही.

वेदाचा अर्थ लावणाऱ्या मीमांसेचा आचार्य कुमारिल भट्ट तर दारच लावून घेतो. रुमेच्या मिठाच्या खाणीत जे निपजतं ते मीठच होतं, तशी वेदज्ञाची आत्मतुष्टी वेदमयच असते, असं तो म्हणतो. म्हणजे प्रमाण ठरला तो मनात मुरलेला वेद. ज्याला वेद ऐकण्याचाही अधिकार नाही, त्या शूद्राच्या मनाची साक्ष आपोआप बाद.

म्हणूनच तुकोबांचं ‘सत्य असत्यासी मन केलें ग्वाही, मानियेलें नाहीं बहुमता’ (ग्वाही म्हणजे साक्षीदार) एवढं मोठं आहे. त्या अभंगाची सुरुवातच ‘याति शूद्र’, म्हणजे जातीने शूद्र, अशी आहे. शास्त्राच्या या हिशेबात ज्या मनाची साक्ष बाद, तोच साक्षीदार त्यांनी उभा केला. हे श्रेय मनूच्या खात्यावर टाकणं मला चीड आणतं.

तेव्हा एखादी रूढी मनाला पटत नसेल तर सरळ नाही म्हणा, त्यासाठी २.६ चा दाखला शोधत बसू नका. कुणी तो दिलाच तर मिताक्षरेतलं मुंजीचं उदाहरण पुढे करा.

एक मात्र नोंदवायला हवं. याज्ञवल्क्य १.१५६ म्हणतो की शास्त्रसंमत गोष्टही लोकांना तिटकारा असेल तर करू नये. ही वाट खरी आहे, पण ती लोकमताची आहे, एकट्या माणसाच्या मनाची नव्हे. आणि तुकोबांचं मनही निराधार नव्हतं: त्याच अभंगात पुढे स्वप्नातला गुरूपदेश आणि नामावरचा दृढ विश्वास आहे.