मार्शल बेटांना २.३ अब्ज डॉलर: मदत, भाडं की लाच?

प्रश्न असा होता: प्रशांत महासागरातल्या जेमतेम बेचाळीस हजार वस्तीच्या मार्शल बेटांना अमेरिका वीस वर्षांत २.३ अब्ज डॉलर देणार, याला मदत म्हणायचं की लाच? दोघं मित्रच आहेत तर बोलणी तीन-तीन वर्षं का रेंगाळतात? आणि आपण मालदीवला पैसे देतो तोही हाच प्रकार का?

बऱ्याच जणांनी "चीनला रोखायला, अजून काय" म्हणून विषय निकालात काढलाय. चूक नाही, पण अर्धवट आहे. मूळ करार झाला तेव्हा त्या भागात चीनला कोणी हिंग लावून विचारत नव्हतं, समोर सोव्हिएत युनियन होता. तरी पैसे जात होतेच. माझं उत्तर आहे भाडं. त्यातही जागा वापरण्याचं भाडं कमी आणि दुसऱ्या कोणाला आत न घेण्याचं जास्त.

आधी कराराचं. याचं नाव कॉम्पॅक्ट ऑफ फ्री असोसिएशन. मार्शल बेटं आणि मायक्रोनेशिया यांच्याशी तो १९८६ मध्ये लागू झाला, पलाऊशी १९९४ मध्ये (हे दोघेही त्याच महासागरातले छोटे बेटदेश). दुसऱ्या महायुद्धात ही बेटं जपानकडून अमेरिकेच्या हाती आली आणि पुढे संयुक्त राष्ट्रांच्या विश्वस्त व्यवस्थेखाली तिनेच चालवली. आज तिन्ही देश सार्वभौम आहेत, संयुक्त राष्ट्रांचे सदस्य आहेत. पलाऊ आणि मार्शल बेटं तर तैवानला मान्यता देतात, हे बीजिंगला किती खुपतं ते सांगायला नको. पण संरक्षण पूर्णपणे अमेरिकेकडे. तिसऱ्या देशाच्या लष्कराला तिथे पाय ठेवू द्यायचा नाही, हा हक्कही अमेरिकेचा. बदल्यात तिथले नागरिक व्हिसाशिवाय अमेरिकेत राहतात, नोकरी करतात, अमेरिकन सैन्यात भरती होतात. चलन डॉलर. टपालसुद्धा अमेरिकन खात्याचं: मार्शल बेटांची राजधानी माजुरो, तिचा पिनकोड ९६९६०. नव्या करारांत नुसत्या टपालसेवेसाठी ६३.४ कोटी डॉलर ठेवलेत. सुरक्षा करारात पोस्ट काय करतंय असं वाटेल, पण औषधाचं पार्सल वेळेवर येणं हा त्या बेटांवर जगण्याचा भाग आहे.

सातबारा वाचणाऱ्यांना एका वाक्यात कळेल: मालकी बेटांचीच, पण इतर हक्कांच्या रकान्यात अमेरिकेचं नाव चढलेलं आहे, आणि ते सहजासहजी कमी होत नाही.

आता बातम्यांत हमखास होणारा घोळ. "२०२३ मध्ये करार संपत होता म्हणून अमेरिकेची धावपळ" असं सगळीकडे छापून आलं. मार्शल बेटं आणि मायक्रोनेशियाच्या बाबतीत संपत होती ती फक्त पैशाची कलमं. दुसऱ्याचं लष्कर येऊ न देण्याचा हक्क त्यांच्याबरोबर संपत नव्हता. मग अमेरिकेने "हक्क आहेच, पैसे कशाला" असं का म्हटलं नाही? कारण कागद लष्कराला अडवतो, हॉटेलवाल्याला अडवत नाही. टेलिफोन कंपनी, बंदराचं कंत्राट, पर्यटकांनी भरलेली विमानं यातून कोणीही आत शिरू शकतं. पलाऊने हे भोगलंय. तैवानला मान्यता देतात म्हणून चीनने २०१७ च्या अखेरीस तिथल्या सहली बंद केल्या आणि हॉटेलं ओस पडली. मार्च २०२३ मध्ये मायक्रोनेशियाचे मावळते राष्ट्राध्यक्ष डेव्हिड पॅन्युएलो यांनी एक लांबलचक पत्र लिहिलं. चीन आमच्या अधिकाऱ्यांना लाच देतो असा उघड आरोप त्यात केला, आणि तैवानने पाच कोटी डॉलर दिले तर तिकडे जाऊ असंही सुचवलं. पद सोडताना एखाद्याला कंठ फुटतो तो असा.

बोलणी कशावर अडतात?

इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण मार्शल बेटांचं प्रकरण समजलं की बाकीची आपोआप उलगडतात.

१९४६ ते १९५८ या काळात अमेरिकेने तिथे ६७ अणुचाचण्या केल्या. सगळ्यात मोठी १ मार्च १९५४ ची कॅसल ब्राव्हो, १५ मेगाटनांची, अंदाजाच्या अडीच पटीने मोठी निघाली. राख राँगेलॅप या जवळच्या बेटावरच्या वस्तीवर पडली आणि लोकांना हलवायला दोन दिवस लागले. चाचण्या जिथे झाल्या त्या बिकिनी बेटाच्या लोकांना तर १९४६ मध्येच "थोड्या दिवसांसाठी" उठवलं होतं. बेट अजून नीट वसलेलं नाही. १९८६ च्या करारात याबद्दल १५ कोटी डॉलर देऊन "पूर्ण आणि अंतिम" निपटारा झाला असं लिहून घेतलं गेलं. त्याच कराराने नेमलेल्या दावा न्यायाधिकरणाने पुढे दोन अब्जांहून जास्त भरपाई मंजूर केली, पण तेवढा पैसा निधीत नव्हताच. २००० मध्ये मार्शल सरकारने परिस्थिती बदलली म्हणून फेरविचाराची याचिका अमेरिकी काँग्रेसकडे, म्हणजे तिथल्या संसदेकडे, दिली. तिकडच्या प्रशासनाने ती अमान्य केली.

त्यामुळे नव्या बोलण्यांना बसताना मार्शलची माणसं पहिल्यांदा अणुचाचण्यांचं बोलत होती आणि अमेरिकेची माणसं म्हणत होती, तो विषय कायद्याने बंद आहे, आम्हाला त्यावर बोलायचे अधिकारच नाहीत. सप्टेंबर २०२२ मध्ये ठरलेली फेरीच मार्शल बेटांनी रद्द केली. वर्षाला शाळा-दवाखाने चालवायला ज्याचे पैसे लागतात त्याच्याशीच असं वागायचं म्हणजे हिंमत लागते, आणि ती कामी आली. जानेवारी २०२३ मध्ये प्राथमिक समझोता झाला आणि त्यात ७० कोटींचा न्यासनिधी आला. ही भरपाई आहे असं अमेरिकेने कुठेही म्हटलेलं नाही. म्हटलं असतं तर १९८६ चा "अंतिम" निपटारा अंतिम नव्हता असा अर्थ निघाला असता. पैसे दिले, कबुली दिली नाही. राजनयात हा सौदा नेहमीचा आहे. सामान्य माणसाला तो ढोंगी वाटतो आणि थोडासा आहेही.

दुसरा अडथळा मार्शल बेटांतलंच क्वाजालीन. या प्रवाळबेटावर अमेरिकेचा क्षेपणास्त्र चाचणीतळ आहे. कॅलिफोर्नियातून सोडलेली आंतरखंडीय क्षेपणास्त्रं इथल्या सागरात उतरतात. तळावर काम करणारे मार्शलीज लोक शेजारच्या एबाय बेटावर राहतात. ऐंशी एकरांचा तुकडा, त्यावर हजारोंची दाटी, आणि कामाला जायला रोज फेरीबोट. २००३ मध्ये सरकारने अमेरिकेशी २०६६ पर्यंतचा, वाढवला तर २०८६ पर्यंतचा वापर करार केला. पण जमीन सरकारची नाही, तिथल्या जमीनमालकांची आहे. ते म्हणाले, आम्हाला भाडं परवडत नाही, सही करणार नाही. वाढीव भाड्याचे पैसे त्रयस्थ खात्यात साचत राहिले आणि मालकांची सही झाली ती २०११ मध्ये. दोन सरकारांनी हात मिळवले तरी तिसरा पक्ष घरातच बसलेला असतो, तो असा.

तिसरी गोष्ट कंटाळवाणी, पण मला तीच जास्त महत्त्वाची वाटते: आलेला पैसा कशावर खर्च करायचा हे ठरवणार कोण? २००३ च्या करारांत संयुक्त समित्या नेमल्या गेल्या, अमेरिकेचे तीन सदस्य आणि बेटांचे दोन. मतदान झालं तर काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको. बेटांच्या बाजूने या समित्यांबद्दल वर्षानुवर्षं कुरबुर होती. आपल्याकडे रक्कम छापून येते, समितीची रचना येत नाही.

खरी अडचण बहुतेक वेळा मित्राच्या घरात

तीन वर्षं का लागतात, याचं एक उत्तर वर आलं. दुसरं असं की वाटाघाटी करणारा माणूस वेगळा आणि तिजोरीची किल्ली ज्याच्याकडे आहे तो वेगळा. पलाऊशी २०१० मध्ये एका नव्या करारावर सह्या झाल्या होत्या. अमेरिकी काँग्रेसने पूर्ण पैसे मंजूर केले २०१८ मध्ये. आठ वर्षं पलाऊ तात्पुरत्या तरतुदींवर चाललं, आणि चीनने पर्यटक थांबवले तेही याच काळात. "मित्र" म्हणवणाऱ्याबद्दल तिथे लोक काय बोलत असतील याची कल्पना करा.

यावेळीही तेच होता होता राहिलं. मे २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडेन पापुआ न्यू गिनीला जाणार होते. ऐन वेळी वॉशिंग्टनमध्ये सरकारने किती कर्ज काढायचं या मर्यादेवरून तिढा पडला आणि दौरा रद्द झाला. परराष्ट्रमंत्री ब्लिंकन गेले, आणि २२ मे रोजी तिथल्या राजधानीत, पोर्ट मोर्सबीत, पलाऊच्या करारावर सही झाली. (त्याच सुमारास पापुआ न्यू गिनीच्या पंतप्रधानांनी विमानतळावर मोदींच्या पाया पडल्याची चित्रफीत आपल्या प्रत्येक व्हॉट्सॲप गटात फिरत होती. भारत आणि प्रशांत बेटांची परिषद त्याच दिवशी त्याच शहरात होती. मात्र पाया पडण्याच्या गर्दीत ती परिषद कशावर होती हे फारसं कोणी वाचलं नाही.) दुसऱ्या दिवशी मायक्रोनेशियाची सही, ऑक्टोबरमध्ये मार्शल बेटांची. तिघांचे मिळून वीस वर्षांचे ७.१ अब्ज डॉलर. आणि मग काँग्रेसमध्ये अडकलं! हे पैसे दुसऱ्या कुठल्या खर्चातून कापायचे यावर वाद. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिन्ही राष्ट्राध्यक्षांना सिनेटच्या नेत्यांना एकत्र पत्र लिहावं लागलं, तेव्हा मार्चमध्ये कायदा झाला.

तो झाला याचं महत्त्व २०२५ मध्ये कळलं. यूएसएड ही परदेशांना मदत देणारी अमेरिकी संस्था गुंडाळली गेली आणि जगभर तिच्या पैशावर चाललेले प्रकल्प बंद पडले. कॉम्पॅक्टचा मुख्य पैसा त्या मार्गाने येतच नव्हता. तो इंटिरिअर डिपार्टमेंटकडून येतो (नाव ऐकून आपलं गृहखातं समजू नका, सरकारी जमिनी, राष्ट्रीय उद्यानं आणि अशी बेटं बघणारं ते खातं आहे) आणि कायद्याने बांधलेला असतो. वीस वर्षांचा आकडा कायद्यात घालून घ्या, दरवर्षी मागायला लावू नका, हा बेटांचा आग्रह म्हणूनच होता. कोणी दोन अब्ज देतो म्हटलं की मी पहिल्यांदा विचारतो: कुठल्या खात्यातून, आणि दरवर्षी मंजुरी लागते का?

मग लाच का नाही? लाच टेबलाखालून जाते आणि एका माणसाच्या खिशात जाते. इथे कलमं छापलेली आहेत, कोणीही वाचू शकतं. २०२२ मध्ये चीनने सॉलोमन बेटांशी सुरक्षा करार केला, त्याचा अंतिम मजकूर आजवर अधिकृतपणे प्रसिद्ध झालेला नाही. लोकांनी पाहिला तो फुटलेला मसुदा. हा फरक मोठा आहे असं मला वाटतं. पण म्हणून इकडे सगळं धुतल्या तांदळासारखं आहे असंही नाही. ऑस्ट्रेलियाने २०२३ मध्ये तुवालूशी करार केला. समुद्र चढत असलेल्या त्या देशातल्या २८० लोकांना दरवर्षी ऑस्ट्रेलियात कायमचं राहायला येता येईल. वाचून डोळ्यांत पाणी येतं. पण चौथं कलम म्हणतं की संरक्षण, पोलीस, सीमा, सायबर सुरक्षा, बंदरं, दूरसंचार, वीज या बाबतीत तुवालूने दुसऱ्या कोणाशी हातमिळवणी करायची तर ऑस्ट्रेलियाची संमती हवी. साधारण अकरा हजारांचा देश, बुडायची भीती, आणि समोर ही अट. तिथे "नाही" म्हणायला जागा किती उरते, हे ज्याने त्याने ठरवावं.

मालदीवचं थोडक्यात. तिथले राष्ट्राध्यक्ष मुइज्जू यांच्या मागणीवरून आपले लष्करी कर्मचारी मे २०२४ पर्यंत परत आले आणि त्यांच्या जागी नागरी तंत्रज्ञ गेले. आपली हेलिकॉप्टरं तिथेच राहिली. ऑक्टोबरमध्ये मालदीवला परकीय चलनाची चणचण भासली तेव्हा आपण ४० कोटी डॉलर आणि ३,००० कोटी रुपयांची चलन अदलाबदलीची सोय दिली. सारखेपणा आहे, पण इतर हक्कांत आपलं नाव नाही. आपल्याला दर निवडणुकीनंतर नव्याने जुळवून घ्यावं लागतं. कोणी याला आपला दुबळेपणा म्हणेल. मला उलट वाटतं: मालेत सरकार बदललं, घोषणा झाल्या, तरी व्यवहार टिकला, कारण तो कलमांपेक्षा गरजेवर उभा आहे. अर्थात प्रशांत महासागरात अंतरं इतकी आहेत की तिथे गरज आपोआप शेजाऱ्याकडे वळत नाही.

शेवटी, "छोट्या देशांच्या हातात काही नसतं" असं एकाने लिहिलंय त्यावर. मे २०२२ मध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी दहा बेटदेशांसाठी एक सामायिक करार घेऊन फिजीत आले आणि तसेच परत गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान वानुआतू या बेटदेशाच्या राजधानीत, पोर्ट व्हिलाला, गेले तेव्हा वानुआतूने दहा वर्षांच्या ५० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या करारावर सही केली नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं: आमची बंदरं आणि रस्ते कोणाच्या पैशाने बांधायचे हे तुम्हाला विचारून ठरवायचं असेल, तर ते कलम आम्हाला पुन्हा वाचावं लागेल.