डॉक्टरांना विचारा : रक्तदाब, साखर आणि थायरॉईडचे न जुळणारे आकडे

प्रश्न : माझे सासरे 71 वर्षांचे असून गेली अनेक वर्षे रक्तदाबासाठी रोज सकाळी एक गोळी घेतात. एप्रिलपासून त्यांना अंथरुणातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. एके दिवशी घरच्या मशीनवर वरचा आकडा 104 आला, तेव्हा त्यांनी गोळी बंद केली. त्यानंतरचे तीन दिवस तो 120 च्या आसपासच राहिला, म्हणून ‘मला आता गोळीची गरजच नाही’ असे ते म्हणतात. पाकिटावर टेल्मिसार्टन 40, अॅम्लोडिपिन 5 आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड 12.5 असे लिहिले आहे. त्यांचे म्हणणे बरोबर आहे का?
— एक वाचक, नंदनवन, नागपूर

उत्तर : सासऱ्यांची तक्रार खरी आहे आणि तिचे कारण बहुधा त्या गोळीतच आहे, मात्र त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

नागपुरात पारा 45 च्या घरात जातो तेव्हा शरीर थंड राखण्यासाठी त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि घामावाटे पाणी व मीठ निघून जाते. या दोन्हींमुळे रक्तदाब आपसूकच उतरतो आणि हिवाळ्यात तो पुन्हा चढतो. आता सासऱ्यांच्या गोळीतले तिसरे औषध पाहा. हायड्रोक्लोरोथायाझाइड हे लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर टाकणारे औषध आहे. डिसेंबरात नेमका बसलेला हा डोस मे महिन्यात, तोही सत्तरी ओलांडलेल्या आणि तहान कमी लागणाऱ्या माणसाला, जड जाणे स्वाभाविक आहे. पुष्कळ पाकिटांवर औषधाच्या नावापुढे नुसते ‘एच’ हे अक्षर असते, त्याचा अर्थ हाच, आणि घरात कुणाची अशी गोळी चालू आहे का, हे उन्हाळा सुरू होतानाच पाहून ठेवलेले बरे.

राहिला तीन दिवसांचा पुरावा. अॅम्लोडिपिन शरीरातून फार सावकाश उतरते. गोळी थांबवल्यावर त्याचा परिणाम पूर्ण ओसरायला आठवडाभर किंवा थोडे अधिकही लागते. म्हणजे त्या तीन दिवसांत दिसलेला 120 हा आकडा आधी घेतलेल्या गोळ्यांचाच होता. दहाव्या-बाराव्या दिवशी मोजले असते तर बहुधा वेगळे चित्र दिसले असते, आणि वाढलेला रक्तदाब सहसा काहीच त्रास देत नसल्यामुळे ते मोजल्यावाचून कळलेही नसते.

आपल्या डॉक्टरांना भेटून गोळी बदलता येते का, ते विचारा. लघवीचे औषध उन्हाळ्यापुरते कमी करणे किंवा काढून टाकून उरलेली दोन तशीच चालू ठेवणे, हा बऱ्याचदा पुरेसा उपाय ठरतो. मात्र तो निर्णय रक्तातले सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारा आकडा) पाहून डॉक्टरांनीच घ्यायचा आहे. त्यांना सांगण्यासाठी एक गोष्ट घरी करता येईल. सासरे पाच मिनिटे आडवे असताना रक्तदाब मोजा, मग त्यांना उभे करून, कुणीतरी जवळ थांबून, एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा 20 किंवा त्याहून अधिक, अथवा खालचा 10 किंवा त्याहून अधिक घसरत असेल, तर अंधारीचे कारण सापडले असे समजा.

एरवीचे मोजमाप बसून करायचे : पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पट्टा उघड्या दंडावर आणि हृदयाच्या पातळीत, मोजताना बोलणे नाही आणि त्याआधी अर्धा तास चहा नाही, खर्रा तर नाहीच. माझ्याकडे येणारे काही जण बाहेर खर्रा थुंकून थेट खुर्चीत येऊन बसतात आणि मग वाढलेल्या आकड्याबद्दल मशीनला दोष देतात; तंबाखूने रक्तदाब काही काळ हमखास चढतो. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी लिहा. घरी मोजताना सरासरी 135/85 च्या खाली असावी. दवाखान्यातला 140/90 हा आकडा त्याच्याशी जुळतो. वयोमानाप्रमाणे डॉक्टर यात थोडा फरक करतात.

आणखी दोन सूचना. गुडघेदुखीसाठी मेडिकल स्टोअरमधून परस्पर डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन आणण्याची सवय असेल तर ती थांबवा, कारण टेल्मिसार्टन, लघवीचे औषध आणि ही वेदनाशामके एकत्र आली की, विशेषतः शरीरात पाणी कमी असताना, मूत्रपिंडांवर एकदम ताण येतो. हगवण-उलट्या लागल्यास त्या दिवसांत रक्तदाबाची गोळी घ्यावी की थांबवावी, हे त्याच दिवशी फोन करून विचारा. पन्हे आणि ताक जरूर द्या, पण मीठ बेताने. दिवसभराचे सगळे मिळून 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक चमचा, हे प्रमाण उन्हाळ्यातही लागू आहे.

प्रश्न : मी 46 वर्षांची आहे. घरच्या ग्लुकोमीटरवर सकाळी उपाशीपोटी साखर 150 आणि जेवणानंतर 210 पर्यंत येते, पण लॅबमध्ये तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी (एचबीएवनसी) 5.8 आली. हिमोग्लोबिन 9.4 आहे. माझ्या सख्ख्या भावाच्या मुलाला सिकलसेल (लाल पेशींचा आनुवंशिक आजार) असून तो ‘एसएस’ पॅटर्नचा, म्हणजे दोष आई-वडील दोघांकडून आलेला, आहे. मला मधुमेह आहे की नाही?
— एक वाचक, कामठी

उत्तर : आपण भाच्याचा उल्लेख केलात हे फार चांगले झाले, कारण या कोड्याची किल्ली तिथेच असण्याचा संभव आहे.

एचबीएवनसीमध्ये लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे हे मोजतात. पेशी साधारण 120 दिवस जगते, या गृहीतावर सगळा हिशेब उभा आहे. 5.8 चा अर्थ सरासरी साखर 120 च्या आसपास, आणि आपल्या मशीनच्या आकड्यांशी तो जुळत नाही. ज्यांच्या लाल पेशी लवकर मोडतात, त्यांच्यात साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि अहवाल फसवा, कमी येतो. सिकलसेलच्या रुग्णांमध्ये हेच घडते. नुसत्या वाहकांमध्ये, म्हणजे दोष एकाच पालकाकडून आलेल्या ‘एएस’ पॅटर्नमध्ये, फरक सहसा थोडा असतो, पण काही लॅबच्या पद्धतींना हे वेगळे हिमोग्लोबिन नीट मोजता येत नाही. लोहाच्या कमतरतेने मात्र हा आकडा उलट वाढतो; त्यामुळे आपले हिमोग्लोबिन केवळ लोहाअभावी कमी आहे, असे गृहीत धरू नये.

भाचा ‘एसएस’ असेल तर आपला भाऊ निदान वाहक आहेच, आणि आपणही वाहक असण्याची शक्यता निम्मी धरावी लागेल. मध्य भारतातल्या अनेक रुग्णांमध्ये गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन अधिक प्रमाणात टिकून राहते आणि आजार सौम्य राहतो, त्यामुळे तो उशिरा लक्षात येणेही अशक्य नाही. सरकारी रुग्णालयात आधी सिकलसेलची प्राथमिक सोल्युबिलिटी तपासणी आणि ती पॉझिटिव्ह आल्यास हिमोग्लोबिनचा नेमका प्रकार सांगणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी करून घ्या. सोबत फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) पाहावे. आपण वाहक निघाल्यास मुलांचीही तपासणी त्यांची लग्ने ठरण्याआधी व्हायला हवी. वाहक असणे हा आजार नव्हे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनाही समजावून सांगा.

तरीही मशीनला निर्दोष ठरवण्याची घाई नको. रक्त कमी असले की ग्लुकोमीटर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो. दुसरे कारण खास आपल्या भागातले : संत्रे सोलल्यावर बोटाला लागलेला रस त्या थेंबात मिसळतो आणि साखर भलतीच वाढलेली दिसते. स्पिरिटचा बोळा फिरवून तो नीट जात नाही. साबण-पाण्याने हात धुऊन, कोरडे करूनच बोट टोचावे.

म्हणून दोन्ही आकडे बाजूला ठेवून लॅबमध्ये शिरेतून रक्त देऊन उपाशीपोटीची आणि 75 ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांची साखर तपासा. उपाशीपोटी 126 किंवा अधिक, अथवा दोन तासांनी 200 किंवा अधिक असेल, तर मधुमेह आहे असे म्हणता येते. दोहोंपैकी एकच वाढलेली असल्यास दुसऱ्या दिवशी खात्री करून घ्यावी. पुढे नियंत्रण पाहण्यासाठीही आपल्याला बहुधा एचबीएवनसीऐवजी फ्रुक्टोसामाइन (रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर मोजणारी तपासणी) वापरावे लागेल. ‘साखर नॉर्मल आली’ असे कुणी पुढे म्हणाल्यास कोणती तपासणी केली होती, तेवढे विचारा.

प्रश्न : थायरॉईडची गोळी नियमित घेऊनही माझा टीएसएच (थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा) कधी 9 तर कधी 2 येतो. गोळी सकाळच्या चहाबरोबर घेते. केस गळतात म्हणून बायोटिन हे जीवनसत्त्वही चालू आहे.
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : गोळी नुसत्या पाण्याबरोबर घ्या आणि चहा अर्ध्या ते एका तासाने प्या. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असल्यास तिच्यात चार तासांचे अंतर ठेवा. सकाळी चहावाचून निभत नसेल तर रात्री जेवणानंतर तीन तासांनी गोळी घेतली तरी चालते, फक्त वेळ रोज तीच हवी. बायोटिनमुळे अनेक लॅबमध्ये टीएसएच खोटाच कमी दिसतो. रक्त देण्याआधी निदान दोन दिवस ते बंद ठेवा, आणि डोस जास्त प्रमाणात असेल तर किती दिवस आधी थांबवायचे ते डॉक्टरांना विचारा. हा बदल केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी करा. त्याआधी डोस वाढवून घेऊ नका.