मला एक मंगळवार सांग

पुण्याच्या एका आईंचा मेल आला. "ताई, मुलगा जर्मनीत एमएसला गेलाय, अडीच महिने झाले. व्हिडिओ कॉलवर 'मजेत आहे' म्हणतो. आणि परवा रात्री दोन वाजता एका ओळीचा मेसेज: आई, मी परत येऊ का? हे म्हणतात, कर्ज काढलंय, जरा कळ काढू दे त्याला. मला झोप नाही. बोलावू की नको?"

मी राहते अमेरिकेतल्या यूटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला. चौदा वर्षं इथेच समुपदेशन करते. इथल्या आयांनाही हाच प्रश्न पडतो, फक्त त्यांची मुलं एमएसला नाही, मिशनवर, म्हणजे चर्चच्या धर्मप्रचाराला गेलेली असतात. म्हणून उत्तरादाखल अशाच एका मुलाची गोष्ट सांगते. घरच्यांनी परवानगी दिली आहे, आणि ओळख पटेल असं सगळं मी बदललं आहे. नावाची अडचण नाही, कारण मिशनवर त्याला पहिल्या नावाने कोणी हाक मारतच नाही. छातीवरच्या काळ्या बिल्ल्यावर 'एल्डर' आणि पुढे आडनाव. एल्डर म्हणजे वडीलधारा. वय वर्षं १८! मीही त्याला इथे एल्डरच म्हणते.

आपण ज्यांना मॉर्मन म्हणतो त्यांचं चर्च १८३० साली न्यूयॉर्क राज्यात सुरू झालं आणि पुढे यूटात येऊन रुजलं. (२०१८ पासून चर्चच सांगतं की मॉर्मन म्हणू नका, पूर्ण नाव घ्या. पूर्ण नाव भलतंच लांब आहे, माझ्याकडे येणारी मंडळीसुद्धा बोलण्याच्या ओघात मॉर्मनच म्हणून जातात.) यांची मुलं अठराव्या वर्षापासून दोन वर्षं धर्मप्रचाराला जातात, मुली दीड वर्ष. कुठे जायचं ते चर्च ठरवतं. पगार नाही, खर्च साठवलेल्या पैशांतून किंवा घरून. मध्ये सुट्टीला घरी येणं नाही. चोवीस तास एक जोडीदार बरोबर, तोही चर्चनेच दिलेला. त्याला नजरेआड करायचं नाही, न्हाणीघर तेवढं सोडून. पूर्वी घरी फोन वर्षातून दोनदाच करता यायचा, नाताळला आणि मदर्स डेला. फेब्रुवारी २०१९ पासून आठवड्याला एक फोन करता येतो.

आमच्या एल्डरला जपान मिळालं, उत्तरेकडचं होक्काइदो बेट. यूटातल्याच प्रोव्होच्या प्रशिक्षण केंद्रात नऊ आठवडे जपानी घोकून तो नोव्हेंबरात तिथे पोचला, बर्फाच्या तोंडावर.

त्याची आई माझ्याकडे आली ती फेब्रुवारीत. दर रविवारी संध्याकाळी सहाला ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी फोन मांडून बसायची. जपानात तेव्हा सोमवार सकाळचे दहा वाजलेले. सोमवार म्हणजे त्यांचा 'पी-डे', आठवड्यातला मोकळा दिवस: कपडे धुणं, बाजारहाट, केस कापणं, घरी फोन. फोनवर मुलगा हसरा. "सगळं छान आहे, लोक फार प्रेमळ आहेत." आणि तीन रविवार लागोपाठ, फोन ठेवता ठेवता, "मॉम, घरी आलो तर चालेल?" लगेच, "गंमत केली."

नवऱ्याने स्वतः वीस-बावीस वर्षांपूर्वी मिशन पूर्ण केलेलं. तो म्हणाला, पहिले सहा महिने मलाही जड गेले होते, माझ्या वेळी तर हा फोनही नव्हता. पुण्याच्या काकांचं 'कळ काढू दे' वाचताना मला तो आठवला. दोघेही वाईट बाप नाहीत. त्यांनी कळ काढली आणि ती निभली, तेवढाच त्यांच्यापाशी पुरावा आहे.

"परत बोलावू का?" आईने विचारलं.

मी म्हटलं, मला अजून काहीच माहीत नाही. तुम्हालाही नाही. येत्या रविवारी 'कसा आहेस' विचारू नका. त्याला सांगा, मला तुझा मागचा मंगळवार सांग. उठल्यापासून निजेपर्यंत. किती वाजता, कुठे, कोणाबरोबर, काय खाल्लं. मध्ये सल्ला द्यायचा नाही, 'अरे बापरे' म्हणायचं नाही. मंगळवारच का? सोमवार सुट्टीचा, रविवार चर्चचा, दोन्हींना सजवून सांगता येतं. मंगळवाराला सजवण्यासारखं काही नसतं.

पुढच्या भेटीला ती दोन कागद घेऊन आली, विजेच्या बिलाच्या पाठीवर लिहिलेले.

साडेसहाला उठायचं, हा मिशनचा नियम. अर्धा तास व्यायाम, मग भात आणि त्यावर अंडं फोडून नाश्ता. आठपासून वाचन, आधी एकट्याने, मग जोडीदाराबरोबर, मग भाषेचा अभ्यास. नंतर कोट, टाय, त्यावर मोठा कोट, आणि बर्फातून चालत दारोदार. दार उघडतच नाही, दाराबाहेरच्या यंत्रातून बाईंचा गोड आवाज येतो, "केक्को देस्", म्हणजे नको, राहू द्या. इतक्या गोड आवाजात की पहिले दोन आठवडे त्याला वाटायचं आपल्याला आत बोलावतायत. दुपारी दुकानातला भाताचा त्रिकोणी गोळा, समुद्री शेवाळात गुंडाळलेला. मग एका आजींकडे. त्या चर्चला कधीच येणार नव्हत्या, तसं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण रस्त्यावरचा बर्फ उपसायला ही पोरं मदत करतात म्हणून त्यांना आत बसवायच्या. ग्रीन टी यांना चालत नाही हे कळल्यावर त्यांनी भाजलेल्या सातूचं पाणी करून ठेवायला सुरुवात केली. संध्याकाळी चर्चमध्ये इंग्रजी संभाषणाचा फुकट वर्ग, त्यात सगळे निवृत्त आजोबा. नऊला घरी. दुसऱ्या दिवसाचं नियोजन, आठवड्याच्या आकड्यांची नोंद: नवे किती भेटले, चर्चला किती आले, बाप्तिस्म्याची तारीख किती जणांनी घेतली. त्याचे आकडे शून्य, शून्य, शून्य. झोपण्यापूर्वी नळातलं पाणी काढून टाकायचं, नाहीतर पाइप गोठतो. साडेदहाला दिवे बंद.

इथवर ऐकलं तर कष्टाचा दिवस आहे, आजारी दिवस नाही. पण आईने सांगितल्याप्रमाणे उठल्यापासून विचारलं होतं आणि 'उठलास कधी?' याचं खरं उत्तर होतं साडेचार. साडेचार ते सहा तो न्हाणीघरात बसायचा, थंडीत, अंगावर कोट घेऊन. प्रार्थना करायचा. शब्द चुकला, मन भरकटलं, की पहिल्यापासून. जोडीदार नसेल अशी तेवढी एकच जागा होती. मागच्या बुधवारी घरी पोचायला चार मिनिटं उशीर झाला होता आणि त्याची खात्री पटली होती की आपल्या त्या चार मिनिटांमुळे देव या गावात कोणाचं मन उघडत नाहीये. त्याने ते मिशनच्या प्रमुखांना साप्ताहिक पत्रात कळवलं होतं. मग, नीट कळवलं नाही असं वाटून, पुन्हा. एकूण पाच वेळा.

ही घरची ओढ नव्हती. घरची ओढ लाटेसारखी येते: संध्याकाळी, सणाला, ओळखीचा वास आला की. तिच्यात भूक शाबूत असते. कोणीतरी जोक मारला तर माणूस हसतो आणि मग हसल्याबद्दल अपराधीही वाटून घेत नाही. या मुलाचं पंधरा पौंड वजन उतरलं होतं आणि त्या दोन कागदांवर तो स्वतःहून एकदाही हसला नव्हता.

मराठीत या आजाराला नेमका शब्द आहे: मंत्रचळ. इंग्रजीत ओसीडी. माझ्या लहानपणी सांगलीत आमच्या वाड्यात एक काकू होत्या. पाण्याचा तांब्या सात वेळा विसळायच्या, मोजणी चुकली की पुन्हा पहिल्यापासून. आम्ही पोरं त्यांना 'सोवळ्याच्या काकू' म्हणून हसायचो. मोठी माणसं त्यांना धार्मिक म्हणायची. त्या आजारी होत्या हे मला कॉलेजात कळलं, तोवर त्या गेल्या होत्या. हा आजार माणसाच्या सगळ्यांत जिव्हाळ्याच्या ठिकाणी जाऊन बसतो. घर स्वच्छ ठेवणारीच्या हातात शिरतो, देवभोळ्याच्या प्रार्थनेत. आणि जिथे नियम काटेकोर पाळणं हा गुणच मानतात, तिथे तो लवकर दिसत नाही. जोडीदाराला वाटत होतं, आपल्याला फार निष्ठावान एल्डर मिळाला आहे.

माझा परवाना यूटाचा, जपानातल्या माणसावर मला उपचार करता येत नाहीत. आईला म्हटलं, हे कागद मिशनच्या प्रमुखांना वाचून दाखवा, जसेच्या तसे. प्रमुखांनी ऐकलं, हे त्यांचं मोठेपण. फोनवरून तपासणी झाली आणि मार्चअखेर एल्डर घरी आला.

घरी येणं सोपं होतं असं समजू नका. मिशन पूर्ण करून येणाऱ्यांसाठी सॉल्ट लेकच्या विमानतळावर फुगे, फलक, अख्खं खानदान. हा आला तेव्हा आईबाप दोघेच. पहिल्याच रविवारी वॉर्डात (वॉर्ड म्हणजे त्यांची स्थानिक मंडळी, नगरपालिकेचा नव्हे) तिघांनी विचारलं, "किती दिवस आहेस?" मला एकदम आपल्याकडची सासरहून परत आलेली मुलगी आठवली. तिलाही प्रेमानेच विचारतात, किती दिवस आहेस.

पहिले दोन महिने तो माझ्यासमोर बसून माफी मागायचा. उशीर झाला म्हणून, लवकर आला म्हणून, खुर्ची सरकवली म्हणून. मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या सुरू केल्या. माझं काम वेगळं होतं आणि ऐकायला क्रूर वाटेल: प्रार्थना एकदाच करायची, अडखळली तरी, आणि मग उठून जायचं. पुन्हा करावीशी वाटेल, छाती धडधडेल, धडधडू द्यायची. पहिल्या दिवशी तो चाळीस मिनिटं घरात येरझाऱ्या घालत होता. महिन्याभराने दहा मिनिटं. देवाशी कसं बोलावं हे सांगणारी मी कोण? म्हणून त्याच्या परवानगीने त्यांच्या बिशपना, म्हणजे वॉर्डाच्या प्रमुखांना, बरोबर घेतलं. त्यांचे बिशप पगारी नसतात, हे गृहस्थ दिवसा विमा विकतात. त्यांनी त्याला सांगितलं, कबुली आठवड्यातून एकदा, पाच मिनिटं, आणि तीच गोष्ट दुसऱ्यांदा मी ऐकणार नाही. माझ्या दहा सत्रांचं काम त्या एका वाक्याने केलं.

तो जपानला परत गेला का, हे सगळे विचारतात. नाही. घरी राहून सेवा करण्याचाही एक रस्ता त्यांच्याकडे आहे, तो त्याने घेतला. आता चर्चच्या कोठारात गरजू कुटुंबांसाठी डबे आणि पिठाची पोती लावतो. बिल्ला लावून. पोती मोजताना पुन्हा मोजावंसं वाटतं, म्हणाला, पण तिथे मागे ट्रक उभा असतो.

शेवटच्या काही भेटींपैकी एकीत मी त्याला विचारलं, त्या आजींचं काय? तो गप्प झाला. त्यांना कुठल्याच रकान्यात बसवता आलं नव्हतं, म्हणून त्याच्या हिशेबात त्या नव्हत्याच. निघताना दर वेळी त्या दारात उभ्या राहून म्हणायच्या, "काझे हिकानाइदे ने." सर्दी होऊ देऊ नका हं. हे त्याने मला तीनदा म्हणून दाखवलं, आजींच्या आवाजात, आणि हसला.

तर पुण्याच्या ताई, बोलावू की नको याचं उत्तर मी इथून देणार नाही. मंगळवार विचारा. त्यात माणसांची नावं येतात का बघा, जेवणाबद्दल तक्रार येते का बघा. तक्रार चांगली, जेवणाचा उल्लेखच नसणं वाईट. दोन आठवडे झोप तुटत असेल, दिवस आक्रसत चालला असेल, सगळा दोष स्वतःकडे घेत असेल, तर कर्जाचं नंतर बघू, आधी डॉक्टर. जर्मनीत विद्यार्थ्यांसाठीच्या श्टुडिरेंडेनवेर्क या संस्थेकडे समुपदेशक असतात, तिथे वेळ घ्यायला लावा. आणि 'मी नसतो तर बरं' अशा अर्थाचं काहीही बोलला तर मंगळवारची वाट बघू नका, सरळ विचारा, जीव द्यायचे विचार येतात का. विचारल्याने ते विचार डोक्यात जात नाहीत. त्याच्याशी बोलत राहा, त्याच्याजवळ कोणीतरी लगेच जाईल असं बघा. तिथला आपत्कालीन क्रमांक ११२.

हे त्यांना कळवलं. दहा दिवसांनी त्यांचा लांबलचक मेल आला, मुलाचा अख्खा मंगळवार टाइप केलेला. "तुम्हीच वाचा आणि सांगा, मला काही कळत नाही." वाचला. उठतो आठला, ओरडत. प्रयोगशाळेतला प्राध्यापक खडूस आहे. दुपारी एकटाच जेवतो, हे टोचलं. पण स्वयंपाकघर ज्याच्याबरोबर वापरतो त्या इराणी मुलाचं नाव चार वेळा आलंय. परवा दोघांनी मिळून वरण केलं, ते पांढरंफटक झालं, कारण हळद संपली आहे आणि तिथल्या दुकानातली त्याला बेचव लागते.

मी उत्तर लिहिलं: हळद पाठवा. पुढचाही मंगळवार विचारा.