रायफल परवान्यावर आहे, नळी नाही

प्रश्न: वडिलांची .३०-०६ काडतुसाची बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल त्यांच्या पश्चात रीतसर माझ्या परवान्यावर चढली आहे. नळीला आतून गंजाचे खड्डे पडलेत. एका ओळखीच्या परवानाधारकाने त्याच बनावटीच्या, मोडीत निघालेल्या रायफलची नळी मला दिली. ती सध्या कपाटात आहे. चुलतभाऊ लेथवर काम करतो. गो आणि नो-गो गेज (काडतुसाच्या आकाराची मोजमापाची साधनं) आणून हेडस्पेस तपासायचा आणि पहिला बार रायफल टायरला बांधून, लांबून दोरीने चाप ओढून काढायचा, असा बेत आहे. घरच्या घरी नळी बदलली तर कायद्याची काही अडचण येईल का?

उत्तर: अडचण येईल का, असं तुम्ही विचारता. ती आलेली आहे आणि तुमच्या कपाटात आहे.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २ मधली ‘अग्निशस्त्र’ची व्याख्या अख्ख्या बंदुकीवर थांबत नाही. अग्निशस्त्राचे भागही तिच्यात येतात. म्हणजे सुटी नळी हे कायद्याच्या लेखी अग्निशस्त्रच, आणि तुमच्या परवान्यावर नोंद आहे ती फक्त वडिलांच्या रायफलची. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षं कैद आणि दंड आहे. कलम ४५ मध्ये किरकोळ भागांना सूट आहे खरी, पण ते इतर भागांना जोडून वापरायचे नसतील तरच. तुम्ही तर बेतच लिहून पाठवलात. शिवाय नळीला ‘किरकोळ’ कोण म्हणेल?

‘रायफल माझी, मी काही दुकान टाकलेलं नाही’ असं तुम्ही म्हणाल. कलम ५ मध्ये विनापरवाना ज्या गोष्टी करायच्या नाहीत त्यांत दुरुस्ती आहे आणि चाचणीही आहे. ‘धंदा म्हणून’ हे शब्द त्या मनाईत नाहीत. टायर आणि दोरीचा तुमचा प्रयोग सावधगिरीचा वाटतो, पण कायद्याच्या भाषेत तीच चाचणी. या कलमाच्या भंगाला आता किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप आहे. स्वतःच्या परवान्यावरच्या बंदुकीची घरगुती दुरुस्ती या शिक्षेला पात्र नाही, असा युक्तिवाद मी कोर्टात जरूर करेन. पण तो करायची वेळ माझ्यावर आणू नका. साफसफाई, तेलपाणी ही वेगळी गोष्ट. त्याला मी दुरुस्ती म्हणणार नाही.

आता हेडस्पेस. बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) बंद असताना त्याच्या तोंडापासून चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या जागेत, काडतूस जिथे अडतं तिथपर्यंतचं हे अंतर. तुमच्या .३०-०६ मध्ये काडतूस खांद्यावर, म्हणजे ते निमुळतं होतं तिथे, अडतं, .३०३ मध्ये बुडाच्या कडेवर. दुसऱ्या रायफलची नळी तुमच्या अ‍ॅक्शनवर, म्हणजे बोल्ट बसतो त्या सांगाड्यावर, बसवली की हे अंतर नव्याने जुळवावं लागतं, बनावट एक असली तरी. गो गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे, नो-गोवर होता कामा नये. उदाहरणार्थ, .३०८ विंचेस्टर या दुसऱ्या काडतुसासाठी या दोन गेजांत फरक असतो तो ०.००४ इंचाचा, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. बोल्टवर हाताचा जोर जरा जास्त पडला तर उत्तर चुकतं. म्हणून जाणकार कारागीर आधी एक्स्ट्रॅक्टर आणि इजेक्टर (काडतूस ओढून काढणारा आणि बाहेर फेकणारा भाग) उतरवतो आणि बोल्ट दोन बोटांनी फिरवतो. अंतर जास्त राहिलं तर बार होताना काडतुसाची पितळी केस (कवच) ताणली जाते, बुडाजवळ फाटते आणि तापलेला वायू मागे, नेम धरणाऱ्याच्या तोंडावर येतो. दोरीने काढलेला एक बार नीट गेला म्हणून हा दोष नाही, असं सिद्ध होत नाही. दहाव्या बाराला शेजारी उभा असलेला माणूस जखमी झाला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ (बेदरकारपणे दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं) आणि तो दगावला तर कलम १०६ (निष्काळजीपणाने मृत्यू) दारात उभं. तेव्हा उलटतपासणीत पहिला प्रश्न असेल: हेडस्पेस कोणी तपासला?

नळीवर क्रमांक असेल तर तो घासू नका. कलम ८ प्रमाणे ओळखखूण पुसणं किंवा बदलणं हाच स्वतंत्र गुन्हा आहे.

मग करायचं काय? नळीला हात लावू नका, फेकू नका, मित्राला गुपचूप परतही देऊ नका. तोही अडकलेला आहे: खाजगी हस्तांतरणाआधी जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावं लागतं आणि घेणाऱ्याकडे ती वस्तू बाळगण्याचा अधिकार असावा लागतो. नळी घेऊन एकट्याने ठाण्यातही जाऊ नका. शस्त्र जमा करण्याचं कलम २१ हे ज्याचा ताबा आधी कायदेशीर होता आणि नंतर राहिला नाही, त्याच्यासाठी लिहिलंय. तुमचा ताबा पहिल्या दिवसापासूनच बेकायदा. म्हणून वकिलामार्फत परवाना प्राधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या, नळी कशी आली ते खरं सांगा आणि ती जमा करून घ्यायची विनंती करा. कलम ३ च्या भंगाचा, म्हणजे विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्याचा, खटला चालवायला कलम ३९ नुसार जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. त्यांच्या टेबलावर आधी तुमचा अर्ज पोहोचणं आणि आधी पंचनामा पोहोचणं, यात फार फरक आहे.

त्यानंतर रायफल दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडे परवान्यासह न्या. नवी नळी त्याच्यामार्फतच येऊ द्या. पावतीवर रायफलचा क्रमांक, नळीचा क्रमांक आणि गो, नो-गो तपासणीचा निकाल तारखेनिशी लिहून घ्या, मग परवान्यावर नोंदीसाठी अर्ज करा. जुनी नळी आठवण म्हणून घरी आणाल तर पुन्हा याच प्रश्नावर येऊ. आणि ते गेज अजून घेतले नसतील तर घेऊ नका. मोजमापाचं साधन बाळगणं म्हणजे शस्त्र बाळगणं नव्हे, पण पंचनाम्यात ‘काडतुसाच्या आकाराचे दोन पोलादी नग’ असं लिहिलं जाईल, आणि ते कशाला आणले होते हे तुम्हालाच सांगत बसावं लागेल.